बंधाऱ्याचे बरगे आणि घटकाभराची मौज

आंबोलीच्या घाटमाथ्यावर उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करीत पुढें संकेश्वराकडे कर्नाटकांत जाते. तिच्या पात्रांत ठिकठिकाणीं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. वाचकांपैकीं पुष्कळांनीं ते मोटारींतून जातां जातां पाहिले असतील. पण त्यांतील खरी करामत दगडी खांबांत नसून खांबांमधील बरग्यांत आहे, हें थोड्यांच्याच ध्यानीं येतें. पावसाळा सरला कीं खांबांच्या खांचांत हे बरगे एकावर एक बसवितात. पूर्वीं ते लांकडी असत, व दोन रांगांमध्यें माती ठासून गळती बंद करीत. पुढें लोखंडी बरगे आले. मृगापूर्वीं सारे काढून कांठावर रचावयाचे, म्हणजे पूर व त्याबरोबरचा गाळ मोकळा वाहून जातो. युक्ति साधी, पण तिचा भार सर्वस्वीं लोकांच्या सुजाणपणावर.

येथेंच घोडें पेंड खातें. भंगाराच्या लोभानें बरगे चोरीस जातात, हें दुःख साऱ्या महाराष्ट्राचें आहे. चोरास निदान पोट तरी आहे. मौजेसाठीं नदीवर येणाऱ्यांस काय म्हणावें? मासे हातीं लागावेत म्हणून कोणी बरगा उचकटतो, कोणी डोहांत जिलेटिनची कांडी टाकतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील रुक्ष कुरणांत गुरांसाठीं ठेवलेल्या पाण्याच्या टाक्यांवर हौशी नेमबाज गोळ्या झाडतात, अशी तेथील पशुपालकांची जुनी तक्रार आहे. तेव्हां हें वेड एकट्या आपलेंच नव्हे. अर्थात् त्यांत समाधान मानण्याजोगेंही कांहीं नाहीं.

फाल्गुनांत बरगे निघाले, तर पाणी त्या फटीच्या पातळीपर्यंत उतरतें, पंपांचे फुटव्हॉल्व उघडे पडतात, उभा ऊस वाळूं लागतो. चित्री धरणांतून पुन्हां पाणी सुटेपर्यंत वाट पाहावयाची! गांवच्या नळाचें पाणी त्याच डोहांतून येत असेल, तर घागर घेऊन पायपीट करावयाची ती घरांतील सुनांनीं व मुलींनींच.

दारूच्या स्फोटानें मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ अन्वयें शेतीचें वा पिण्याचें पाणी जाणूनबुजून घटविणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण रात्रीं प्रत्येक बंधाऱ्यावर शिपाई कोण उभा करणार? आम्हांस वाटतें, दिवाळीच्या सुटींत गांवीं गेलेल्या मुलांस वडील माणसांनीं एकदां बंधाऱ्यावर न्यावें, बरगे कसे बसवितात तें दाखवावें. आणि हट्टापायीं छऱ्याची बंदूक घेऊन देण्यापूर्वीं, ती कोठें व कोणाच्या देखरेखीखालीं चालवावयाची, हें घरांतच ठरवावें.