नंबर नसलेले ठसे

श्रीरामपूर असो की मुंबई, चित्रकलेच्या तासाला भेंडी आडवी कापून तिचा ठसा कधी उमटवलाच नाही, असे मराठी शाळकरी पोर विरळाच. लिनोकट हे त्याच खेळाचे थोरले भावंड. भेंडीच्या जागी लिनोलियम येते: जवसाचे तेल आणि बुचाची भुकटी तागाच्या कापडावर थापून केलेले, एरवी जमिनीवर अंथरायचे. कोरणीने खरवडलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्याला रुळाने शाई लागते. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासले तरी चित्र उठते. मात्र सगळे उलटे कोरावे लागते, अक्षरेसुद्धा.

1946 साली मुंबईत आलेल्या चित्तप्रसाद यांनी हे स्वस्त हत्यार अंधेरीत बसून वर्षानुवर्षे चालवले. नैहाटीत 1915 साली जन्मलेला हा बंगाली चित्रकार ‘भट्टाचार्य’ आडनाव लावत नसे. जात सांगणारे नाव त्यांना नको होते. 1943 च्या बंगालमधल्या दुष्काळात त्यांनी मेदिनीपूर जिल्हा पालथा घातला आणि भुकेने खंगलेली माणसे रेखाटली. त्यातून झालेल्या ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकात त्यांची व्यंगचित्रे सत्ता आणि साठेबाजीची टर उडवत. ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेचे नगारा वाजवणाऱ्याचे बोधचिन्हही त्यांचेच.

छापील चित्रातून समाजाचे वाभाडे काढण्याची ही रीत जुनी आहे. स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाने 1799 मध्ये ‘लॉस काप्रिचोस’ हा 80 चित्रांचा संच माद्रिदमधल्या अत्तर आणि मद्याच्या दुकानात विक्रीला ठेवला. एका चित्रात वैद्यबुवा म्हणून चक्क गाढव रोग्याची नाडी बघते. दुसऱ्यात दोन माणसे वाकली आहेत आणि त्यांच्या पाठीवर गाढवे बसली आहेत. संच जेमतेम 27 खपले. 1803 मध्ये गोयाने तांब्याचे पत्रे राजाच्या हवाली केले आणि बदल्यात मुलासाठी पेन्शन पदरात पाडून घेतली.

गोयाचे तंत्र खर्चिक होते: तांबे, आम्ल, राळेची भुकटी, दाब देणारे यंत्र. चित्तप्रसादांनी मुद्दाम त्याच्या उलट टोक धरले. ठसे भरपूर काढायचे, स्वस्तात द्यायचे आणि त्यांवर नंबर घालायचा नाही. चित्रबाजारात मर्यादित प्रतींच्या आकड्यावर भाव ठरतो. त्यांनी तो आकडाच गाळला.

1952 च्या सुमाराची ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ ही लिनोकट मालिका राबणाऱ्या, फुटपाथवर वाढणाऱ्या मुलांची आहे. ती 1969 मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने छापली. काळ्याभोर पार्श्वभूमीतून चेहरे पुढे येतात, रेषा जाड, डोळे मोठे.

श्रीरामपूरकरांना ही मुले परकी वाटू नयेत. गळीत हंगामात ऊसतोडीला आलेले नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पाचटावर धाकट्याला सांभाळत बसलेली पोर त्या मोजणीत नसते.

मालिकेतली मुले कोरणाऱ्या हातांनी वस्तीतल्या पोरांसाठी बाहुल्याही केल्या. एका चेक मित्राच्या ओळखीतून कळसूत्री खेळाचा नाद लागला. त्या छोट्या रंगमंचाला चित्तप्रसादांनी नाव दिले ‘खेलाघर’.