एम.एस्सी. केमिस्ट्री: प्रवेश कशावर मिळतो आणि पदवी कशावर मिळते?

आजचा भाग टी.वाय.ला असलेल्या आणि नुकतंच बी.एस्सी. झालेल्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकला तर उत्तम. विषय आहे एम.एस्सी. केमिस्ट्री. नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिखित स्वरूपात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "किती टक्क्यांना ॲडमिशन मिळेल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की, आत गेल्यावर पदवी हातात पडण्यासाठी काय काय करावं लागेल आणि ती पदवी पुढे कुठे चालेल? प्रवेशाची अट एक दिवस पाळायची असते, पदवीची अट दोन वर्षं. म्हणून आज दोन्ही बघू.

आत जायचे रस्ते किती?

मोटामोटी तीन.

पहिला रस्ता आपल्याच विद्यापीठाचा. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमध्ये बहुतेक वेळा बी.एस्सी.च्या गुणांवर मेरिट लिस्ट लागते. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात मात्र प्रवेश परीक्षा असू शकते. गोवा विद्यापीठही प्रवेशासाठी स्वतःची चाचणी घेतं. इथे मूळ अट असते ती बी.एस्सी.ला केमिस्ट्री हा मुख्य विषय असण्याची. नवीन शैक्षणिक धोरणाच्या भाषेत सांगायचं तर केमिस्ट्री 'मेजर' हवी. ज्यांची केमिस्ट्री 'मायनर' होती त्यांनी "होईल काहीतरी" असं धरून चालू नका. त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातलं पात्रतेचं वाक्य स्वतः वाचा.

दुसरा रस्ता जॅमचा, म्हणजे आयआयटींच्या एम.एस्सी.साठीची परीक्षा. ती साधारण फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात. इथेच आपली बरीच मुलं चुकतात. टी.वाय.चा निकाल लागल्यावर जॅमची चौकशी केली तर एक अख्खं वर्ष हातातून गेलेलं असतं. पेपर १०० गुणांचा, ३ तासांचा, ६० प्रश्नांचा. त्यात तीन भाग असतात. पहिल्या भागात ३० बहुपर्यायी प्रश्न, उत्तर चुकलं की गुण कापतात. दुसऱ्या भागात १० प्रश्न, ज्यांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. तिसऱ्या भागात २० प्रश्न, ज्यांत आकडा काढून लिहायचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात चुकीला वजाबाकी नाही, म्हणजे ५० गुणांच्या प्रश्नांत काहीही कोरं सोडायचं कारण नाही. जॅमच्या गुणांवर आयआयटीबरोबर काही एनआयटींमध्येही प्रवेश होतो आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएच.डी.चा मार्गही खुला होतो.

तिसरा रस्ता सीयूईटी-पीजी. दिल्ली, बनारस हिंदू, हैदराबाद अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी ही परीक्षा आहे. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा.

टक्के आहेत, तरी अर्ज बाद का होतो?

तीन कारणं लक्षात ठेवा.

एक, गणित. काही आयआयटींना एम.एस्सी. केमिस्ट्रीसाठी बारावीला किंवा पदवीला गणित झालेलं लागतं. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांनी अर्ज करण्याआधी प्रत्येक संस्थेची अट वेगवेगळी तपासावी.

दोन, जातीचे दाखले. राज्याच्या प्रवेशासाठी चालणारा दाखला केंद्राच्या संस्थेत तसाच चालेल असं नाही. ओबीसींना तिथे केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. विमुक्त-भटक्यांसाठी तिथे वेगळा प्रवर्ग नाही. त्यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा यादी बघा. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, केंद्राच्या संस्थांत ते लागू होत नाही. हे दाखले तहसील, सेतूमधून मिळायला वेळ लागतो. निकालाची वाट न बघता आधीच कामाला लागा.

तीन, निकालाला उशीर. केंद्रीय संस्था शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रवेश देतात, पण पास झाल्याचा पुरावा ठरलेल्या तारखेच्या आत मागतात. एखादा बॅकलॉग राहिला असेल तर मिळालेली जागाही जाऊ शकते. सहाव्या सेमिस्टरसोबत जुना राहिलेला पेपर काढणं हीसुद्धा प्रवेशाचीच तयारी आहे.

आता पदवीची अट: ८८ क्रेडिट म्हणजे काय?

महाराष्ट्रात नवीन धोरणाप्रमाणे दोन वर्षांची एम.एस्सी. एकूण ८८ क्रेडिटची आहे. चार सेमिस्टर, प्रत्येकी २२. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. म्हणजे २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल दिसायला लहान, पण लॅबमध्ये ते ६० तास उभं करतं. नोकरी सांभाळून एम.एस्सी. करू म्हणणाऱ्यांनी हा हिशोब आधी मांडावा.

या ८८ मधला मोठा वाटा मुख्य विषयांचा आणि प्रत्येक सेमिस्टरमधल्या ऐच्छिक विषयाचा. तो सगळीकडे साधारण सारखाच असतो. खरा फरक पडतो तो उरलेल्या १८ क्रेडिटमध्ये. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी, ४ क्रेडिट. दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, ४ क्रेडिट. तिसऱ्याला संशोधन प्रकल्प, ४ क्रेडिट. चौथ्याला पुन्हा संशोधन प्रकल्प, ६ क्रेडिट.

आता विचार करा. प्रकल्पाची १० क्रेडिट कागदावर सगळ्या कॉलेजांत सारखीच दिसतात. पण एका कॉलेजात मूल स्वतः संयुग बनवतं, त्याचा एनएमआर काढून आणतं, शुद्धता तपासतं. दुसऱ्या कॉलेजात मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट नव्या बाइंडिंगमध्ये जमा होतो. गुणपत्रिकेवर दोघांची क्रेडिट सारखी, मुलाखतीत मात्र पाच मिनिटांत फरक कळतो. म्हणून कॉलेज निवडताना तिथल्या सीनियरना तीन गोष्टी विचारा. प्रोजेक्ट खरंच लॅबमध्ये होतो का? एचपीएलसी, जीसी ही यंत्रं मुलांना हाताळायला मिळतात की फक्त लांबून दाखवतात? ट्रेनिंगची जागा कॉलेज बघून देतं की आपली आपण शोधायची? तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींच्या जवळच्या कॉलेजांना इथे फायदा असतो, पण तो ती करून घेतात का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पहिलं वर्ष पूर्ण करून ४४ क्रेडिटवर थांबायचं असेल तर पीजी डिप्लोमा मिळतो. अडचणीत ही सोय चांगली आहे, पण ती एम.एस्सी. नाही हे लक्षात असू द्या.

३ अधिक २ की ४ अधिक १?

हा सध्याचा मोठा गोंधळ आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची एम.एस्सी., एकूण पाच वर्षं. चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एक वर्षाची, ४४ क्रेडिटची एम.एस्सी., हीसुद्धा पाच वर्षंच. म्हणजे वेळ वाचतो हा गैरसमज आधी काढून टाका.

मग फरक कुठे? चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' म्हणून करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी पात्र होता येतं. पण सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवी लागतेच. आणि ज्यांच्या गावातल्या कॉलेजची लॅब साधी आहे, त्यांना तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून चांगल्या ठिकाणी पूर्ण दोन वर्षं मिळणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. तुमच्या कॉलेजात चौथ्या वर्षी खरं संशोधन होणार आहे का, या एका प्रश्नावर निर्णय घ्या.

५५ टक्क्यांची रेघ

एम.एस्सी. पास होणं आणि एम.एस्सी. उपयोगी पडणं यांच्यामध्ये एक रेघ आहे, ५५ टक्क्यांची. सीएसआयआर नेट आणि सहायक प्राध्यापकपद, दोन्हीकडे खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर आणि दिव्यांगांना ५० टक्के. सहायक प्राध्यापकपदासाठी ग्रेस मार्क धरून ही रेघ ओलांडली तर ते चालत नाही. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरमध्ये "आत्ता नुसतं पास होऊ, पुढे बघू" असं म्हणू नका. टक्केवारी चारही सेमिस्टरची मिळून होते.

ऑरगॅनिकच घ्यायचं का?

औषध कंपन्यांमुळे ऑरगॅनिकच्या जागा आधी भरतात. नाही मिळालं की मुलं निराश होतात. पण गुणवत्ता तपासणीच्या लॅबला ॲनालिटिकलवाले हवेच असतात. आणि नेटचा केमिकल सायन्सेसचा पेपर सगळ्या शाखांना एकच आहे, त्यात ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल सगळं येतं. शाखा तुमची पहिली नोकरी ठरवेल, सगळं आयुष्य नाही.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. ज्या दोन-तीन ठिकाणी अर्ज करणार आहात, त्यांची माहितीपत्रकं आणि अभ्यासक्रम दोन्ही उतरवून घ्या. माहितीपत्रकात पात्रतेचं वाक्य, अर्जाची शेवटची तारीख आणि लागणारे दाखले यांच्याखाली रेघ मारा. अभ्यासक्रमात प्रकल्प, ट्रेनिंग आणि पास होण्याचे नियम शोधा. बऱ्याच ठिकाणी अंतर्गत गुण आणि लेखी परीक्षा यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं. वीस-पंचवीस पानं वाचायला एक संध्याकाळ जाईल, पण दोन वर्षं कुठे घालवायची ते त्यातूनच ठरेल.

हा भाग टी.वाय.च्या ग्रुपवर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात.