सोळा मिलिसेकंदांतला पाऊस

महाड-पोलादपूरकडच्या कुणी हौसेनं रायगडावरचा संगणक-खेळ रचायला घेतला, तर त्यात पाऊस आल्याशिवाय राहणार नाही. आणि सावित्रीच्या खोऱ्यातला पाऊस चार थेंबांवर भागत नाही. पडद्यावर पाचशे थेंब पडू लागतात आणि इतका वेळ सरसर पळणारा मावळा अडखळू लागतो.

सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. मावळ्याची चाल, थेंबांची जागा, कोण कुणावर आपटलं, सगळं तेवढ्यात उरकावं लागतं.

संगणकाच्या या मर्यादेतून एकदा नवलही घडलं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ परग्रहवासी होते आणि एका चित्रात त्यांतला एकच पुढे सरके. ते मरत गेले तशी उरलेल्यांची पाळी लवकर येऊ लागली, फौज आपोआप वेगवान झाली. तोमोहिरो निशिकादो यांनी तो वेग तसाच ठेवला. खेळाचा सारा थरार त्यातच आहे.

आपल्या पावसाचं तसं नाही. तिथे आधी प्रोफाइलर लावून प्रत्येक कामाचा वेळ मोजावा. संशय नेहमी चित्रांवर जातो, पण चोर बरेचदा दुसरीकडेच सापडतो. सरसकट प्रत्येक वस्तूची टक्कर दुसरीशी तपासली, तर पाचशे थेंबांच्या १,२४,७५० जोड्या होतात, त्याही दर चित्राला! थेंबाला थेंब लागला काय, न लागला काय? थेंबाची गाठ फक्त जवळच्या कातळाशी घालावी. पडद्याचे चौकोन पाडून आपल्या नि शेजारच्या चौकोनापुरतंच पाहिलं की झालं.

दुसरा दोष लपलेला असतो. दर थेंब नव्यानं घडवून जमिनीवर टाकून दिला, तर अनेक भाषांत स्मृतीतला तो कचरा साठत जातो आणि तो काढताना खेळ क्षणभर थबकतो. म्हणून पडलेला थेंब फेकायचा नाही, उचलून पुन्हा ढगात ठेवायचा. निसर्ग तरी दुसरं काय करतो?

उरतो गड. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा. बुरुजांच्या आड असा दडलेला, की पायऱ्या चढून अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूसाठी केलेली ती योजना इथे प्रोग्रामरच्या कामी येते. मावळा दरवाजाखालच्या पायऱ्यांवर आहे तोवर नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ यांतलं काहीच रेखाटायचं नाही.