लेकरू एम.एस्सी.ला निघाले, लॅपटॉप कोणता घ्यावा?

नेकनूरच्या किंवा हिरापूरच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस दावणीपाशी पोहोचल्याबरोबर पैसे मोजत नाही. आधी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, आणि मग रुमालाखाली बोटे धरून भावाला सुरुवात करतो. हाच माणूस लेकराला लॅपटॉप घ्यायला दुकानात गेला की मात्र गप्प बसतो. दुकानदार बोलतो, पोरगा मान हलवतो आणि बाप पैसे देतो. वाचकहो, पन्नास हजारांच्या आसपासची वस्तू अशी मुकाट्याने घेऊ नये. तिचेही दात पाहता येतात, आणि ते पाहायला इंग्रजी यावे लागत नाही.

पदवी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली मुले-मुली पुढच्या शिक्षणाला बाहेर पडतात. कोणी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जातो, कोणी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, कोणी पुणे गाठतो. पहिले विद्यापीठ १९५८ साली निघाले, दुसरे १९७२ साली. त्या वेळचा विद्यार्थी प्रबंध हाताने लिहायचा आणि टंकलेखकाकडून टाइप करून घ्यायचा. आज तक्ते, आलेख, संदर्भ, मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या, सगळे संगणकावरच होते. मोबाईलवर वाचन होईल, तास ऐकता येतील. पण शंभर पानांचा प्रबंध मोबाईलवर लिहिणे म्हणजे खुरप्याने नांगरट करणे.

पैसा कुठून येतो, हे तुम्हाला सांगायला नको. कुठे कापसाच्या दोन वेचण्या जातात, कुठे दावणीच्या शेळ्या, आणि कित्येक घरांत ऊसतोडीची उचल. उचलीतून घेतलेला लॅपटॉप आईबापांनी फडात कोयता चालवून फेडायचा असतो. तो दुसऱ्या वर्षी, ऐन प्रबंधाच्या दिवसांत बंद पडला तर दुसरा आणायला पैसा नसतो, आणि मुलाचे सत्र जाते ते वेगळेच. म्हणून आपल्या घरासाठी पहिला प्रश्न एकच: हे यंत्र चार-पाच वर्षे टिकेल का, आणि बिघडले तर जवळपास दुरुस्त होईल का? दिसायला कसा आहे, कितव्या नंबरचा नवा आहे, हे मागून.

आधी काम विचारा

दुकानात जाण्याआधी पोराला किंवा पोरीला घरीच बसवून विचारा, की या दोन वर्षांत तू त्यावर करणार काय? एम.ए. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र असेल तर काम लिहिण्या-वाचण्याचे. त्याला ताकदीचे यंत्र नको; डोळ्यांना त्रास न देणारा पडदा आणि बोटांना बरा कळफलक हवा. एम.एस्सी. कृषी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांना आकडेमोड असते. त्यासाठी 'आर' नावाची संगणक-प्रणाली जगभर वापरतात आणि ती फुकट मिळते. भूगोल, मृदाशास्त्र यांना नकाशांचे काम. त्याची 'क्यूजीआयएस' हीसुद्धा फुकट. अभियांत्रिकी किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय असेल तरच वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते का, ते विभागातल्या वरच्या वर्गाच्या मुलांना विचारावे. खरे तर त्यांनाच विचारावे. ते कालच त्या वाटेने गेलेले असतात.

एक इशारा येथेच देतो. दुकानात लाल-हिरवे दिवे लागणारे खेळाचे लॅपटॉप असतात. तरुण मन तिकडे ओढ घेते. ते जड असतात, तापतात आणि बॅटरी लवकर संपवतात. विषयाला गरज नसेल तर त्यापासून दूर राहिलेले बरे.

आता आतले भाग. प्रोसेसर म्हणजे इंजिन. इंटेलचा कोअर आय-५ किंवा एएमडीचा रायझेन-५, मागच्या दोन-तीन वर्षांतला, बहुतेक विषयांना पुरतो. यापेक्षा महाग इंजिनात पैसे घालण्याऐवजी ते रॅममध्ये घाला. रॅम म्हणजे कामाचे खळे. खळे लहान असले की माल मावत नाही आणि मळणी अडते. लिहिण्या-वाचण्याला ८ जीबी कशीबशी चालते. आकडेमोडीला आणि चार-पाच वर्षे काढायला १६ जीबी घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या संगणक-केंद्रांनी मेमरीच्या चिप इतक्या उचलल्या, की त्या सगळीकडेच महागल्या. कुठे परदेशात ती केंद्रे, आणि भाव वाढला गेवराईच्या दुकानात! तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: "यात पुढे रॅम वाढवता येते का?" काही लॅपटॉपांत ती पक्की जोडलेली असते, मग वाढवता येत नाही. जागा मोकळी असेल तर आज ८ घेऊन पुढच्या हंगामात ८ बसवता येते. साठवणुकीसाठी एसएसडीच घ्या, ५१२ जीबीची. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरती चकती असते. एसटीच्या धक्क्यांना आणि हातातून पडण्याला ती लवकर दगा देते.

पडदा १४ इंची पुष्कळ झाला. वजन दीड किलोच्या आसपास असावे, कारण ते रोज पाठीवर वागवायचे आहे. आणि बिजागरी पाहा! झाकण एका कोपऱ्याने हळूच उघडून बघा. करकरते का? पडदा पिळतो का? बिजागरी सैल किंवा फार घट्ट असली की वर्ष-दोन वर्षांत कोपऱ्याचे प्लास्टिक फुटते, आणि ती दुरुस्ती महागात जाते. लॅपटॉपचे दात ते हेच.

वीज, ऊन आणि धूळ

लॅपटॉप कंपन्या आपल्या माहितीपत्रकात बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या हवेत यंत्र वापरा असे लिहितात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली तर विचारू नका. सुटीत घरी आलेल्या मुलाने पहाटे आणि रात्री काम करावे, दुपारी यंत्राला विश्रांती द्यावी. गोधडीवर, वाकळेवर ठेवून चालवू नये. खालची हवेची भोके बुजतात आणि कापसाचे तंतू आत जातात. जेवणाचा लाकडी पाट खाली घेतला तरी काम भागते. वर्षातून एकदा माहीतगाराकडून आतला पंखा साफ करून घ्यावा.

विजेबद्दल मात्र लोकांची समजूत उलटी आहे. संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागले की माणसे लॅपटॉपच्या काळजीने स्टॅबिलायझर आणायला धावतात. चार्जरवर बारीक अक्षरांत वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. म्हणजे कमी दाबाची वीज तो सोसतो. घात होतो तो जास्त दाबाने. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात एकदम चारशेच्या घरात व्होल्ट येऊ शकतात, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की तारेतून झटका येतो. आभाळ भरून आले की नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून उपसून काढा. चार्जरची पिन तीन काड्यांची असेल तर मधली काडी मोडून दोन भोकांत बसवू नका. ती अर्थिंगची असते. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरची अर्थिंग बघायला हवी.

वीज जाणार हे गृहीतच आहे, म्हणून बॅटरी मोठी हवी. दुकानदार "दहा तास चालते" म्हणेल. त्याला तास विचारू नका, वॉट-अवर विचारा. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लॅपटॉप साधारण ८ ते १० वॉट खातो. बॅटरी ५० वॉट-अवरची असेल तर पाच तास हाती लागतात. हा हिशोब कोणालाही करता येतो आणि फसवणूक टळते. यूएसबी-सी ने चार्ज होणारा मिळाला तर उत्तम; चार्जर गावात बिघडला तरी शेजारच्या कोणाचा तरी त्याच ताकदीचा चालून जातो.

जुना घ्यावा का?

हा प्रश्न बरेच पालक विचारतात. माझे मत असे, की पैसा खरोखर तोकडा असेल तर दुकानातल्या सर्वांत स्वस्त नव्यापेक्षा चांगल्या जातीचा जुना बरा. मोठ्या कंपन्या आपल्या कचेऱ्यांसाठी जे लॅपटॉप घेतात, जसे लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, ते मजबूत बांधणीचे असतात. तीन-चार वर्षांनी कचेऱ्या ते काढून टाकतात आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. त्यांचे सुटे भाग मिळतात आणि खोलणारा कारागीरही मिळतो.

पण येथे एक खाच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ओळखायचे कसे? 'आय-५' च्या पुढचा चार आकडी नंबर ८ किंवा ९ ने सुरू झाला तर चालेल. त्यापुढच्या पिढ्यांचे नंबर १०, ११, १२ असे सुरू होतात. नंबर ६ किंवा ७ ने सुरू होत असेल तर कितीही चकचकीत दिसला तरी सोडून द्या. दुकानदाराला समोर 'बॅटरी रिपोर्ट' काढायला सांगा. त्यात बॅटरी मुळात केवढी होती आणि आता किती भरते, हे दोन आकडे येतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा. आणि विंडोज चोरीचे टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. लिनक्स नावाची प्रणाली फुकट आहे, लिहिण्यासाठी लिबरऑफिस फुकट आहे. विषयाला चालत असेल तर तीच घालून घ्या.

जाता जाता आणखी एक. घरात भाऊ-बहीण दोघे शिकत असतील तर भावाला नवा आणि "तिला काय, जुना चालेल" असे करू नये. कोणाच्या विषयाला काय लागते, तेवढेच पाहावे.

पैसा आणि हमी

मुकादमाकडे जाण्याआधी बँकेत जा. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत अभ्यासक्रमाला गरजेचा असेल तर संगणकाचा खर्चही धरता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र तो अर्जाच्या वेळीच खर्चाच्या अंदाजात दाखवावा लागतो. दुकानाचे कोटेशन आणि विभागाचे पत्र जोडावे. दुकानात "बिनव्याजी हप्ता" सांगतील. तेव्हा रोखीचा भाव वेगळा विचारा. दोन भावांतला फरक म्हणजेच बहुधा ते व्याज असते.

हमीबद्दल तीनच गोष्टी विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत हलू नका. कंपनीचे सेवाकेंद्र जवळात जवळ कुठे? आमच्या पिनकोडला दुरुस्तीचा माणूस घरी येतो का? आणि हमी तीन वर्षांची करून घेतली तर किती पडतील? बीडला २०२५ मध्ये रेल्वे आली, पण कंपनीचा कारागीर पाटोद्याच्या वाडीवर येईल याची खात्री त्याने होत नाही. मूल वसतिगृहात राहणार असेल तर तिथला पिनकोड विचारणे जास्त उपयोगाचे. हमी वाढवली तरी बॅटरी बहुधा एकाच वर्षाची धरतात, हेही लक्षात ठेवा. पडणे, पाणी सांडणे हे हमीत येत नाही. त्याचा विमा वेगळा असतो.

यंत्र कितीही चांगले असले तरी एक दिवस जाणारच. यंत्र दुसरे घेता येते. दोन वर्षांची शेतावरची निरीक्षणे दुसऱ्यांदा घेता येत नाहीत, कारण तो हंगाम परत येत नाही. म्हणून लॅपटॉपबरोबरच एक बाहेरून जोडायची डिस्क घ्या. दर रविवारी प्रबंधाची नक्कल तिच्यात उतरवायची, आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही. पिशवी चोरीला गेली तर दोन्ही जातात. एक नक्कल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी, तिला पैसे पडत नाहीत.

बिल जीएसटीचे पक्के घ्या आणि त्यावर लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहून आहे का, ते तिथेच खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. हमीला आणि चोरीच्या तक्रारीला तोच नंबर विचारतात. बिल गुळगुळीत कागदावर छापलेले असेल तर त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा. तो कागद उष्णतेने छापतो, आणि पत्र्याच्या पेटीत एक उन्हाळा काढला की त्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत.