दोनदा गादीवर बसलेला राजा

नेपाळचे शेवटचे राजे ज्ञानेंद्र वीर विक्रम शाह दोनदा गादीवर बसले, आणि त्या दोन खेपांमध्ये अर्ध्या शतकाचं अंतर होतं. पहिल्या खेपेला त्यांचं वय होतं अवघं तीन वर्षं.

त्या काळी राजा नावापुरता असे. कारभार राणा घराण्यातल्या वंशपरंपरागत पंतप्रधानांच्या हाती. या बंदिवासाला विटलेले राजे त्रिभुवन ६ नोव्हेंबर १९५० रोजी शिकारीचं निमित्त करून निघाले आणि थेट काठमांडूतल्या भारतीय वकिलातीत शिरले. पुत्र महेंद्र आणि थोरला नातू वीरेंद्र बरोबर होते, धाकटा ज्ञानेंद्र मात्र मागे राहिला. पंतप्रधान मोहन शमशेर यांनी दुसऱ्याच दिवशी त्या पोराला राजा केलं आणि त्याच्या नावाची नाणीही पाडली! भारताने मात्र हा राजा मानला नाही. राणांना नमतं घ्यावं लागलं आणि १९५१ च्या सुरुवातीला नातवाचं राज्य आटोपून आजोबा पुन्हा राजे झाले.

ज्ञानेंद्र दार्जिलिंगला शिकले, उद्योगधंद्यात शिरले आणि निसर्गसंवर्धनाच्या कामात रमले. अन्नपूर्णा परिसराचं संरक्षण करणाऱ्या न्यासाचं अध्यक्षपद त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं. गादीचा प्रश्नच नव्हता. भाऊ वीरेंद्र लोकप्रिय होते आणि त्यांना दोन मुलगे होते.

१ जून २००१ च्या रात्री नारायणहिटी राजवाड्यात गोळीबार झाला. वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि त्यांची मुलं निराजन व श्रुती यांच्यासह राजघराण्यातली अनेक माणसं मारली गेली. युवराज दीपेंद्र बेशुद्धावस्थेतच राजे घोषित झाले आणि ४ जूनला वारले. ज्ञानेंद्र त्या रात्री पोखऱ्यात होते. आता गादी त्यांच्याकडे आली, आणि चार दिवसांत नेपाळने तिसरा राजा पाहिला. चौकशी समितीने दीपेंद्रांना दोषी ठरवलं, तरी लोकांच्या मनातला संशय गेला नाही आणि तो नव्या राजाला कायमचा चिकटला.

इथवर जे घडलं त्यावर त्यांचा काही इलाज नव्हता. पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं. माओवादी बंडाचं कारण देऊन १ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी सरकार बरखास्त केलं, फोन बंद पाडले, नेत्यांना नजरकैदेत टाकलं आणि सारी सत्ता हाती घेतली. परिणाम उलटा झाला. एकमेकांशी भांडणारे पक्ष आणि माओवादी एकत्र आले. एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवस रस्ते माणसांनी भरले आणि राजाला संसद पुन्हा बोलवावी लागली. २८ मे २००८ रोजी संविधानसभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी २४० वर्षांची राजेशाही संपवली.

राज्य गेलेले बहुतेक राजे परदेश गाठतात. ज्ञानेंद्रांनी ११ जूनला पत्रकारांसमोर निवेदन केलं, मुकुट सरकारच्या हवाली केला आणि ते काठमांडूजवळच्या नागार्जुनच्या बंगल्यात राहायला गेले. मार्च २०२५ मध्ये पोखऱ्याहून परतताना त्यांच्या स्वागताला विमानतळावर हजारोंची गर्दी लोटली होती. ती गर्दी पुढाऱ्यांवरच्या रागाची अधिक आणि राजावरच्या प्रेमाची कमी, असं माझं मत आहे. राजेशाही माओवाद्यांनी बुडवली असं म्हटलं जातं. पण बुडवणाऱ्यांत पहिलं नाव स्वतः ज्ञानेंद्रांचंच घ्यावं लागेल.