सड्यावरील साक्ष

राजापूरची गंगा प्रकटल्याची वार्ता आली म्हणजे घरोघरची वडील मंडळी स्नानाची तयारी करूं लागतात. परंतु त्याच तालुक्यांत बारसू, देवाचें गोठणें व कशेळी येथील सड्यांवर जांभ्या दगडांत ज्या आकृति कोरलेल्या आहेत, त्या पाहण्यास थोडेच वळतात. कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब असून त्याच्या पोटांत इतर प्राण्यांचीं चित्रें आहेत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे प्रभृतींनीं गांवोगांव हिंडून अशीं शिल्पें उजेडांत आणलीं. तीं पाहतांच मुलें विचारतात, ‘हें केव्हां कोरलें?’ उत्तर इतकें कठीण कां, तें आज पाहूं.

प्राचीन वस्तूचें वय बहुधा तिच्या सोबत्यांवरून कळतें. गुहेंत मातीचे थर एकावर एक सांचतात. त्यांत चुलीचा कोळसा, हाडें व हत्यारें सुरक्षित राहतात. प्राणी मेला म्हणजे त्याच्या हाडांतील किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो. उरलेला मोजून काळ काढतां येतो. मात्र सुमारें ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगें फारसें उरत नाहीं, आणि अलीकडचा कार्बन लेशभर मिसळला तरी हिशेब चुकतो. क्रोएशियांतील विंदिया गुहेंत निअँडरथल मानवाचीं हाडें सांपडलीं. इ. स. १९९९ मध्यें त्यांचें वय सुमारें २८,००० वर्षें ठरलें. २०१७ मध्यें हाडांतील मूळ द्रव्य कसून शुद्ध करून पाहतां तें ४०,००० च्या पुढें गेलें!

आमच्या सड्यावर तेवढाही आधार नाहीं. उघड्या कातळावर थर सांचत नाहींत, आणि जांभ्याच्या आम्ल मातींत हाडें टिकत नाहींत. कोंकणच्या कातळशिल्पांत गेंडा व पाणघोडा हे आज येथें नसलेले प्राणी दिसतात. त्यावरून कांहीं संशोधक दहा-बारा हजार वर्षांपूर्वींचा काळ सुचवितात. पण तो तर्क होय, मोजणी नव्हे.

म्हणूनच सिंधुदुर्गांतील कोळोशीच्या गुहेसारखीं, दगडी हत्यारें देणारीं ठिकाणें मोलाचीं आहेत. तशीच मोलाची आहे खांचांत दडलेली मूठभर माती. मातींतील वाळूच्या कणांवर शेवटचें ऊन केव्हां पडलें, हेंही आतां मोजतां येतें. आकृति नीट दिसावी म्हणून हौसेनें ती माती खरवडून काढणारा मनुष्य नकळत साक्षीदारासच घालवून देतो. मग चिरे काढण्यासाठीं सडाच फोडणाऱ्याविषयीं काय बोलावें? इ. स. २०२२ मध्यें या शिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत समावेश झाला, हें खरें. परंतु यादी कांहीं सड्यावर राखण करीत नाहीं.

तेव्हां पुढील खेपेस गंगास्नान आटोपल्यावर मुलांस सड्यावर अवश्य न्यावें. आकृति दुरून दाखवाव्या, आणि खांचांतील मातीस हात लावूं देऊं नये.