‘टिकाऊपणा’ आणि ‘आयुष्य’ : शर्यतीच्या इंजिनाच्या निमित्ताने

मराठीतील ‘टिकणे’ या क्रियापदाचे दोन प्रयोग नित्य आढळतात. ‘सोलापुरी चादर वर्षानुवर्षे टिकते’ या वाक्यात त्याला कालवाचक पदाची अपेक्षा असते. ‘बांध पुरापुढे टिकला’ या वाक्यात विरोधी शक्तीची. ‘टिकाऊ’ या विशेषणात हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. दैनंदिन व्यवहाराचे त्यावाचून अडत नाही. यंत्रविषयक लेखनात मात्र त्यामुळे घोटाळा संभवतो. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचे इंजिन हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅसकार’ या संस्थेच्या प्रमुख शर्यतींत आठ सिलिंडरांचे, कमाल ३५८ घनइंच, म्हणजे सुमारे ५.९ लिटर क्षमतेचे इंजिन असते. ते मिनिटाला ९,००० च्या आसपास फेरे घेते. हा वेग कायम धरला आणि ५०० मैलांची शर्यत तीन तासांत संपली असे मानले, तर एकूण फेरे १६ लाख २० हजार भरतात. याउलट घरगुती मोटार ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने, मिनिटाला २,००० फेरे घेत २ लाख किलोमीटर चालली, तर तिच्या इंजिनाचे ६० कोटी फेरे होतात. केवळ मोजदाद पाहता शर्यतीचे इंजिन अत्यंत अल्पायुषी ठरते.

परंतु येथे भाराचा विचार राहून गेला. फेऱ्यांचा वेग साडेचार पट झाला की, पिस्टनचे वजन व धाव तीच असल्यास, जडत्वामुळे कनेक्टिंग रॉडवर येणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे वीस पट वाढते. धातूच्या थकव्याचा नियम असा की, ताण थोडा वाढला तरी तो सोसण्याच्या आवर्तनांची संख्या कितीतरी पटींनी घटते. हा मारा तीन तास सोसणारे इंजिन दुबळे म्हणता येणार नाही.

थकव्याहून झीज निराळी. तिच्यावरील उपाय सोलापुरातच पाहावयास मिळतो. १९९२ मध्ये येथे स्थापन झालेली ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ ही कंपनी मोटारींच्या इंजिनांसाठी बिडाचे कॅमशाफ्ट ओतते. साच्यात कॅमच्या जागी धातूचे ठोकळे बसविले की तेथील रस झटकन गोठतो; कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने सुटा न होता लोहाशी संयुक्त राहतो आणि पृष्ठभाग अतिकठीण होतो. गाभा सावकाश गोठतो. तेथे ग्रॅफाइट सुटते व तो भाग कातण्याजोगा राहतो. एकाच ओतकामात झिजेला तोंड देणारा भाग वेगळा घडविला जातो.

तात्पर्य, ‘शर्यतीचे इंजिन टिकाऊ नसते’ हे विधान अपुरे आहे. किती काळ, आणि कशापुढे, हे दोन्ही प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात. परिभाषेत ‘आयुष्य’ या संज्ञेबरोबर तास, किलोमीटर किंवा फेरे यांपैकी एक एकक, आणि ‘टिकाऊपणा’बरोबर भाराचा निर्देश आवश्यक मानला, तर हा घोटाळा टळेल.